तालुक्यात शिकलेला मानसोपचारतज्ज्ञ

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करायचे ठरवले आणि कर्नाटकातून त्यावर तीव्र आक्षेप घेतला गेला. कार्ड कोणाचे, हद्द कोणाची, दुसऱ्या राज्यातल्या नागरिकावर खर्च करण्याचा अधिकार कोणाला, यावर दोन्हीकडचे पुढारी हिरिरीने बोलले; त्या कार्डावर नेमके कोणते उपचार मिळणार, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. योजनेचा भर शस्त्रक्रियांवर आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. दहा वर्षांचे पोर शाळेत बोलायचे थांबले, रात्री दचकून उठू लागले किंवा चौथीत जाऊनही त्याला वाचता येईना, तर त्याच्या आईला त्या कार्डाचा उपयोग जवळपास शून्य. मुलांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघतो तेव्हाही आपला वाद याच चाकोरीतून जातो. एक बाजू म्हणते, बेळगाव जिल्ह्याला मराठी बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ द्या. दुसरी म्हणते, इथे नोकरी करायची तर कन्नड आलेच पाहिजे. आणि दोघांनाही समजावू पाहणारे जाणकार सांगतात की एमडीच्या जागा वाढवा आणि ग्रामीण सेवेचे बंधपत्र कडक करा, म्हणजे प्रश्न सुटेल. तिन्ही मागण्यांमध्ये थोडे थोडे तथ्य आहे, पण डॉक्टर किती आणि कोणत्या भाषेचे यापेक्षा ते शिकतात कुठे आणि कोणाच्या हाताखाली, हा प्रश्न आधीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. सीमाभागातल्या मुलांसाठी मानसोपचारतज्ज्ञ हवे असतील तर त्यांच्या शिक्षणाचा एक मोठा तुकडा खानापूर, निपाणी, अथणीसारख्या तालुक्यांत, मुलांमध्ये आणि घरच्या भाषांमध्ये पार पडला पाहिजे.

आधी संख्येचा हिशेब. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास ४८ लाख आहे. देशात दर लाख लोकसंख्येमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे, असा अंदाज नेहमी दिला जातो. ती सरासरी लावली तर जिल्ह्याच्या वाट्याला ३६ जण येतात, आणि ते बहुतेक शहरात बसतात हे वेगळे सांगायला नको. आता मुलांची बाजू पाहा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्यांत कर्नाटकही नव्हते, महाराष्ट्रही नव्हता, त्यामुळे आपल्याकडचा आकडा उसना घ्यावा लागतो. तरी या वयोगटात लोकसंख्येचा दहावा हिस्सा धरला तर एकट्या बेळगाव जिल्ह्यात तीस हजारांहून अधिक मुले होतात. तेरा वर्षांखालची मुले यात धरलेलीच नाहीत. उद्या जागा दुप्पट केल्या, तिप्पट केल्या, तरी प्रत्येक मुलाला तज्ज्ञाची खुर्ची मिळेल असा काळ या पिढीत येणार नाही. म्हणजे जो तज्ज्ञ घडेल त्याला स्वतः तपासण्याइतकेच दुसऱ्यांना शिकवण्याचे, त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम करावे लागणार आहे. ते काम त्याला आज शिकवले जाते का?

एमबीबीएसला मानसोपचार हा स्वतंत्र परीक्षेचा विषय नाही. एमडीची तीन वर्षे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात आणि ओपीडीत जातात, आणि त्यात बालमानसोपचाराचा वाटा मोजक्या महिन्यांचा. शहरातल्या त्या ओपीडीत कोणते मूल पोहोचते? ज्याचा बाप एक दिवसाची मजुरी बुडवून, बसचे भाडे भरून, दोन वेळा फेरी मारू शकतो ते. किंवा ज्याचा आजार इतका वाढलेला असतो की घरच्यांपुढे दुसरा मार्ग उरलेला नसतो. अथणीच्या माणसाला बेळगाव शंभर किलोमीटरहून लांब पडते, म्हणून तो मिरजेला जातो. निपाणीचा कोल्हापूर गाठतो. आणि कणकुंबी-जांबोटीच्या बाजूचा माणूस बहुतेक वेळा कुठेच जात नाही. एक तृतीयांश मानसिक विकार वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आणि निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण हे सुरुवातीचे रूप शाळेच्या मागच्या बाकावर, अंगणवाडीच्या दारात, शेजारणीच्या तक्रारीत दिसते. शहरातल्या ओपीडीत तीन वर्षे काढलेल्या डॉक्टरने आजाराचा शेवटचा अंक अनेकदा पाहिलेला असतो, पहिला क्वचितच.

एक प्रसंग सांगतो. एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, मंगळवारच्या मानसोपचार ओपीडीत, खानापूरच्या जंगलपट्ट्यातून आलेली एक बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. मुलगा अंथरूण ओले करी आणि शाळेत शब्दही बोलत नसे. डॉक्टर तरुण, सौम्य, मध्य कर्नाटकातले. त्यांना मराठी येत नव्हती आणि बाईला कन्नड येत नव्हते. सोबत बारा-तेरा वर्षांची थोरली मुलगी होती, ती कन्नड शाळेत शिकणारी, म्हणून दुभाष्याचे काम तिच्याकडे आले. झोप, भूक, शाळा यांविषयीचे प्रश्न तिने नीट इकडून तिकडे पोहोचवले. मग डॉक्टरांनी विचारले, घरात वडील पितात का, मारतात का? मुलीने आईकडे पाहिलेच नाही. तिने स्वतःच, लगेच, 'इल्ला' (नाही) म्हणून सांगितले आणि केसपेपरवर तसे लिहिले गेले. आईला असा प्रश्न विचारला गेला हे कळलेसुद्धा नाही. डॉक्टरांची नियत चांगली होती आणि प्रश्नही अचूक होता. पण मुलांच्या तपासणीत घरातल्याच मुलाला दुभाष्या करू नये, दुभाष्या कसा निवडावा, त्याच्याशी आधी काय बोलावे, हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. ही भाषेची अडचण आहेच, पण त्याहून अधिक ती शिक्षणाची उणीव आहे.

म्हणून भाषेच्या वादात दोन्ही बाजूंचे जे खरे आहे ते मान्य करून पुढे जायला हवे. कर्नाटकात सरकारी सेवा करणाऱ्या डॉक्टरला कन्नड यावे ही अपेक्षा रास्त आहे. जिल्ह्यातले बहुसंख्य लोक कन्नड बोलतात, आणि भाषेची दुसरी अट घातली तर आधीच तोकडी असलेली उमेदवारांची यादी आणखी आखडेल, हा आक्षेप हलका नाही. दुसऱ्या बाजूला, जिल्ह्यातला जवळपास प्रत्येक पाचवा माणूस मराठी मातृभाषेचा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला त्याच्या आजाराची व उपचारांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क सीमावादाच्या निकालावर अवलंबून नाही. पण मराठी डॉक्टर आणून बसवला की काम झाले, हा आपल्या बाजूचा भाबडेपणा आहे. इथली घरे एकभाषी नाहीत. सून हुक्केरीकडची कन्नड बोलणारी, सासू मराठी, नातू शाळेत कन्नड आणि गल्लीत उर्दू; खानापूरच्या जंगलाकडची बोली कोकणीकडे झुकलेली, निपाणीची कोल्हापुरी वळणाची. अशा घरातले मूल आजीवरचा राग एका भाषेत सांगते आणि मास्तरांची भीती दुसऱ्या. जो डॉक्टर फक्त मराठीत ऐकू शकतो तो या मुलाला अर्धेच ऐकेल, जसा फक्त कन्नडमध्ये ऐकणारा ऐकतो. आणि सीमेच्या पलीकडे जत, अक्कलकोट या तालुक्यांतल्या कन्नड घरांतली मुले महाराष्ट्राच्या मराठी डॉक्टरांसमोर नेमकी हीच अडचण घेऊन बसतात, त्यांच्यासाठी आपण कधी मोर्चा काढला?

या भागात दोन भाषांमध्ये मुलांकडे शास्त्रीय नजरेने पाहण्याची परंपरा नव्हती असेही नाही. १९३० च्या दशकात धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीची आवृत्ती तयार केली ती एकाच वेळी कन्नड आणि मराठी मुलांसाठी. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते, शाळा दोन्ही भाषांच्या होत्या, आणि मापन करायचे तर मुलाच्या भाषेत करायचे हे त्यांनी गृहीत धरले. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे देशभर वापरली गेली. आज तिचे निकष जुने झाले आहेत हा भाग वेगळा. पण नव्वद वर्षांपूर्वी, तुटपुंज्या साधनांनिशी, एका शिक्षणतज्ज्ञाने जे स्वाभाविक मानले ते आजच्या वैद्यकीय शिक्षणाला अवघड का वाटावे? तेही आज, जेव्हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता यांचा दाखला मिळाला की नाही यावर मुलाच्या सवलती आणि पेन्शन ठरते, आणि परक्या भाषेत घेतलेली चाचणी एका हुशार मुलाला आयुष्यभरासाठी मंद ठरवू शकते.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र भाषेचा नाही. तो असा, की या मुलांचे दुखणे मनाचे नसून पोटाचे आणि घराचे आहे. निपाणीत आई दिवसभर विड्या वळते. चिकोडी, अथणी, रायबागच्या उसाच्या पट्ट्यात तोडणीच्या टोळ्या येतात तेव्हा त्यांची मुले हंगामभर पालात राहतात आणि शाळेला मुकतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परंपरेत देवीला सोडलेल्या बायकांच्या मुलांना, १९८२ च्या देवदासी प्रतिबंधक कायद्यानंतरही, बापाच्या नावाचा रकाना छळत आला आहे. या मुलांना मानसोपचारतज्ज्ञ कशाला, त्यांच्या घरात धान्य, शाळेत मास्तर आणि गावात दारूबंदी द्या, असे कार्यकर्ते म्हणतात तेव्हा मला त्यांच्याशी भांडावेसे वाटत नाही. दारिद्र्यावर गोळी देणारे वैद्यक कुणालाच नको आहे. पण मग 'हा आजार नव्हे, ही भूक आहे' हे सांगायचे कोणी? ज्याने पालातली शंभर निरोगी मुले पाहिली आहेत तोच एकशे एकाव्या मुलाचे वेगळेपण ओळखू शकतो. शहरातल्या ओपीडीत दहा मिनिटांत पाहिलेले उपाशी, अस्वस्थ पोर एडीएचडीचा (अतिचंचलतेच्या विकाराचा) शिक्का आणि गोळ्यांची पट्टी घेऊन परत येण्याचा धोका खरा आहे. आणि त्याच्या उलट, ज्याला खरोखर अपस्मार किंवा स्वमग्नता आहे त्याला 'बाहेरचं झालंय' म्हणून देवऋषीकडे नेले जाण्याचा किंवा 'गरिबाघरचं पोर, असंच असायचं' म्हणून सोडून दिले जाण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. दोन्ही चुका टाळणारी नजर त्या पालांपासून लांब बसून कशी येईल? गोळ्यांची गरज नाही असे ठामपणे लिहून देण्यासाठी गोळ्या लिहिण्यापेक्षा अधिक शिक्षण लागते.

दुसरा आक्षेप आरोग्य चळवळीतल्या लोकांचा. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले, तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशक नेमून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना बरे केले, तो २०१० मध्ये. मग तज्ज्ञांचा आग्रह कशाला? मी या प्रयोगांचा चाहता आहे, म्हणूनच त्यांचा अर्धवट दाखला दिला की अस्वस्थ होतो. गोव्याच्या प्रयोगातले रुग्ण प्रौढ होते, समुपदेशकांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ उभा होता, आणि सरकारी केंद्रांत जो फरक दिसला तो खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत दिसला नाही. गडचिरोलीत तर डॉक्टर स्वतः त्याच भागात राहून शिकवत होते. आशाताई आणि अंगणवाडी सेविका हे काम करू शकतील, पण त्यांना दर आठवड्याला ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस हवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या-शाळांतून फिरून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, वाढीतले दोष टिपतात आणि पुढे पाठवतात. पुढे म्हणजे कुठे? जिल्ह्याच्या गावी, तारीख घेऊन. शोधून काढायचे आणि शोधलेल्याचे काहीच करायचे नाही, हा प्रकार न शोधण्यापेक्षा वाईट आहे, कारण त्याने आईबापांचा पुढच्या पथकावरचा विश्वास उडतो.

टेलिमानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सरकारी सेवेविषयी थोडक्यात. २०२२ मध्ये सुरू झालेली १४४१६ ही सेवा मराठीतही बोलते, कन्नडमध्येही बोलते, आणि मध्यरात्री घाबरलेल्या माणसासाठी ती मोलाची आहे. परंतु तीन वर्षांचे मूल नजर देते की नाही, खेळण्याशी कसे खेळते, आई उठून गेली की काय करते, हे फोनवर कळत नाही. शिवाय घरातला फोन बहुधा बापाच्या खिशात असतो.

आता बंधपत्राकडे येऊ, कारण सरकारला हा उपाय सर्वांत सोपा वाटतो. कर्नाटकात पदवीनंतरच्या सक्तीच्या सेवेचा कायदा २०१२ चा आहे. त्यातला हेतू योग्य असला तरी त्याचा क्रम उलटा आहे: आधी तीन वर्षे मोठ्या रुग्णालयाच्या सवयी लावायच्या आणि मग एकट्याला तालुक्यात सोडायचे, जिथे विचारायला ज्येष्ठ नाही, मानसशास्त्रज्ञ नाही, आणि वर्ष कधी संपते याकडे सगळ्यांचे लक्ष. ही चूक जुनी आहे. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीत परवानाधारक डॉक्टरांचा छोटा अभ्यासक्रम बंद करून एकच उच्च दर्जाची पदवी ठेवावी असे बहुमत झाले, आणि सहा सदस्यांनी वेगळे मत नोंदवले. बहुमताचा युक्तिवाद दर्जाचा होता आणि तो खोटा नव्हता. पण तो दर्जा शहरातल्या अध्यापन रुग्णालयात तयार होणार होता, आणि जिथे तो तयार झाला तिथेच बहुतांशी राहिला. छोट्या पदवीकडे परत जा असे मी म्हणत नाही. दर्जा ठेवून जागा बदलता येते, हे तेव्हा पुरेसे कुणी मांडले नाही इतकेच.

खुद्द कर्नाटकाने ते नंतर करून दाखवले. १९७५ मध्ये निम्हान्सने, म्हणजे बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, शहराजवळच्या साकलवारा इथे खेड्यातल्या मानसोपचाराचे केंद्र उघडले, १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक केंद्रांचे डॉक्टर आणि कर्मचारी शिकवून जिल्हाभर सेवा चालवली, आणि त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. पण बळ्ळारीचा मुख्य भर तीव्र मनोविकार आणि अपस्मारावर होता. मुले त्याच्या कडेला राहिली. आणि देशभर पसरताना त्यातले प्रशिक्षण काही दिवसांच्या शिबिरांवर आले, वर्षानुवर्षांची देखरेख गळाली. तालुका रुग्णालयांतली कर्नाटकाच्या 'मनोचैतन्य' कार्यक्रमाची मंगळवारची ओपीडी हा त्या परंपरेचा चांगला वारसा आहे. तिथे तज्ज्ञ येतो, रुग्ण तपासतो आणि जातो. त्याच मंगळवारी, त्याच टेबलाशी, दोन एमडीचे विद्यार्थी आणि एक बालमानसोपचाराचा अनुभवी शिक्षक का बसू नये?

दर्जा घसरेल, हे वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांचे उत्तर असते. वॉर्डात विद्यार्थी जे शिकतो ते तालुक्यात शिकणार नाही, हे मला मान्य आहे. तीव्र आजार, औषधांचे दुष्परिणाम, आणीबाणी यांसाठी वॉर्ड हवाच. पण रुग्णालयाबाहेर नेले की उपचाराचा दर्जा घसरतो हे गृहीतक क्षयरोगाच्या बाबतीत १९५९ मध्ये खोटे ठरले आहे. मद्रासच्या प्रयोगात घरी राहून औषधे घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे झाले, आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या सॅनेटोरियमांचा काळ ओसरू लागला. तिथेही यश मिळाले ते घरी जाणारी माणसे शिकवलेली होती आणि त्यांच्यावर लक्ष होते म्हणून.

आणि यासाठी नवा कायदा लागत नाही. २०२१ च्या तुकडीपासून देशातल्या प्रत्येक एमडी विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काढावे लागतात. बेळगावात अडचण अशी की जिल्हा रुग्णालय हेच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, त्यामुळे मनात आणले तर 'जिल्हा' हा शब्द शहरातच पुरा होतो. मानसोपचाराच्या विद्यार्थ्यांसाठी हे तीन महिने सलग एकाच तालुक्यात, फक्त मुले आणि कुटुंबे यांच्यासाठी राखून ठेवता येतील. आठवड्यातून एक दिवस अंगणवाडी आणि शाळा, एक दिवस आशाताईंसोबत घरभेटी, एक दिवस महाविद्यालयातून येणाऱ्या शिक्षकासमोर सगळ्या केसेसची चर्चा. जाण्याआधी दुसऱ्या भाषेत झोप, भूक, भीती, मारहाण यांविषयी विचारण्याइतकी तयारी, आणि शेवटी त्या भाषेत एका आईची प्रत्यक्ष मुलाखत घेऊन परीक्षा. कविता समजण्याइतकी भाषा तीन महिन्यांत येत नाही, पण घाबरलेल्या बाईला बोलते करण्याइतकी येते. आणि विद्यार्थ्याची नोंदवही तपासताना किती मुले पाहिली यापेक्षा किती मुले तिसऱ्यांदा परत आली हे पाहावे, कारण कुटुंबाशी नाते जुळले की नाही ते त्या आकड्यातच दिसते.

हे महाग पडेल, शिक्षकांना तालुक्यात पाठवणे जिकिरीचे आहे, आणि तीन महिन्यांनी विद्यार्थी बदलला की मुलाला पुन्हा नवा चेहरा, हे तिन्ही आक्षेप बरोबर आहेत. पहिल्या दोघांना उत्तर निधीचे आहे. तिसऱ्याला उत्तर असे की विद्यार्थी बदलले तरी शिक्षक, समाजसेविका आणि दुभाष्या तेच राहिले पाहिजेत, आणि प्रत्येक तुकडीने आपल्या केसेस पुढच्या तुकडीला समोर बसून सोपवल्या पाहिजेत. दोन राज्ये एकत्र येणार नाहीत, असेही कुणी म्हणेल. पण पदव्युत्तर शिक्षणाचे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे आहेत, बंगळूरचे किंवा मुंबईचे नाहीत. मिरज-कोल्हापूरकडचा मराठी विद्यार्थी जतमध्ये कन्नड मुलांसोबत आणि बेळगाव-धारवाडकडचा कन्नड विद्यार्थी खानापुरात मराठी मुलांसोबत आपापल्या राज्यातच हे तीन महिने काढू शकतो, आणि दोघांना शिकवणारे अध्यापक महिन्यातून एकदा चिकोडीत किंवा मिरजेत एकत्र बसू शकतात. त्या बैठकीसाठी सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल मान्य करावा लागत नाही आणि फेटाळावाही लागत नाही.